जर्मनीत कमी पगारात कसं भागवायचं: डाळ सोडा, आधी टपालपेटी बघा

माझ्या आतेभावाला स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात ऑफर आली, महिना ३,००० युरो ग्रॉस, आणि त्याचा पहिला फोन आला तो "ताई, बॅगेत तूरडाळ किती किलो बसवू" हे विचारायला. मी म्हटलं, डाळ इथे मिळते रे बाबा, तुला माहिती काय पाहिजे ते विचार. तर म्हणे तेच माहिती पाहिजे की महिन्याला लागतात किती. आता हे एवढ्या लोकांनी विचारून झालंय, त्यात २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या इथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला तेव्हापासून तर नर्सिंगवाल्यांपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी इथे २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आले, लॅब टेक्निशियन आहे, आयटीवाल्यांसारखा पगार नाही. राहते गोपिंगेनला, स्टुटगार्टहून उल्मकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं गाव.

आधीच सांगते, आपण मराठी माणसं किराण्यात कंजूषी करतो आणि करारात उधळतो. मीही तेच केलं. कोथिंबिरीची जुडी दीड युरोला म्हणजे सव्वाशेच्या वर रुपये झाले म्हणून पहिला महिना कोथिंबीरच खाल्ली नाही, आणि त्याच महिन्यात एका जिमच्या दोन वर्षांच्या करारावर न वाचता सही केली. इथले खरे पैसे भाजीत जात नाहीत, ते टपालपेटीतून जातात. भाडं, हीटिंग, वीज, विमा, मोबाईल, सगळं पत्रानं येतं आणि बँकेतून आपोआप कापलं जातं, आणि पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून आपण ते फ्रिजवर ठेवतो. तिथेच घात होतो.

तर पहिलं, ग्रॉस आणि नेट. ३,००० ग्रॉस म्हणजे एकट्या माणसाच्या हातात, टॅक्स क्लास १ मध्ये, साधारण २,०५० येतात. बाकीचे पेन्शन, बेकारी विमा, हेल्थ इन्शुरन्स, वृद्धसेवा विमा आणि इन्कम टॅक्स यात जातात. बायको किंवा नवरा भारतातच असेल तर लग्न झालेलं असूनही बहुतेक वेळा क्लास १ च मिळतो, जोडीदार इथे येऊन राहायला लागला आणि नोंदणी झाली की मग क्लास बदलून घ्यायचा. हे न कळल्यामुळे "लग्न झालंय म्हणजे टॅक्स कमी" असा हिशोब करून आलेले दोघंतिघं माझ्या ओळखीत आहेत, पहिल्या स्लिपला त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि आल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करायची असते, आनमेल्डुंग, त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे चर्चवाला धर्म लागला तर चर्च टॅक्स सुरू होतो, आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, बहुतेक बाकीच्या राज्यांत ९. आपण हिंदू, बौद्ध, जे काही असू ते असू, काउंटरवरच्या बाईला नीट सांगायचं आणि पहिल्या पगाराच्या स्लिपवर बघायचं की "किर्खनश्टॉयर" अशी ओळ आलीय का.

आता घर. यात मी जास्त वेळ घालवणार कारण महिन्याचा निम्मा खर्च इथेच होतो. जाहिरातीत दोन भाडी असतात, काल्ट आणि वार्म. काल्ट म्हणजे नुसत्या भिंतींचं, वार्ममध्ये पाणी, कचरा, जिन्याचे दिवे आणि बहुतेक वेळा हीटिंग धरलेलं असतं, पण वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा नसतं. तुलना करायची ती नेहमी वार्मची. दुसरं म्हणजे रिकामा फ्लॅट म्हणजे इथे खरोखर रिकामा, किचनचा ओटा नाही, सिंक नाही, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात, बल्बसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. म्हणून जाहिरातीत "आइनबाउक्युशे" शब्द शोधा, म्हणजे ओटा बसवलेला आहे. नाहीतर जुना भाडेकरू त्याचा ओटा तुम्हाला विकतो, तिथे घासाघीस करा, तो उपटून नेणं त्यालाही परवडत नसतं.

डिपॉझिट, काउत्सिओन, हे कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं. आणि हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं की ते तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता करार सुरू होताना. आल्या आल्या दीड हजार एकदम काढायचे की पाचशे, यात नवीन माणसाला केवढा फरक पडतो. मालक तोंड वाकडं करेल, म्हणून घर हातचं जाईल असं वाटत असेल तर तुम्हीच ठरवा, मी पहिल्या वेळी घाबरून सगळं एकदम दिलं होतं आणि तो महिना ब्रेड आणि लोणच्यावर काढला.

आणि फसवणूक. "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवते, आधी डिपॉझिट टाका" असा मेल आला की तो बंद करायचा, कितीही गोड इंग्रजी असो. घर स्वतः किंवा ओळखीच्या कोणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक सेंट नाही. मोठ्या शहरात एकट्यासाठी घर शोधत बसण्यापेक्षा पहिलं वर्ष वेगेमध्ये काढा, म्हणजे तिघाचौघांत एक फ्लॅट, आपली खोली वेगळी, किचन सामाईक. मी ४३० युरो वार्ममध्ये राहत होते, दोन जर्मन मुली आणि एक चिलीची, भांडी कोणी घासायची यावरून भांडणं झाली पण जर्मन त्यातूनच आली. आता एका खोलीचा फ्लॅट आहे, ६२० वार्म.

या भागात राहणार असाल तर केअरवोखे म्हणजे काय ते पण समजून घ्या, आठवड्याची पाळी असते जिना झाडायची, तुमच्या दाराला पाटी लटकवलेली दिसली की तुमचा नंबर. चेष्टा नाही, शेजारच्या आजी बोट फिरवून धूळ बघतात. अख्ख्या जर्मनीत श्वाबियन लोक, म्हणजे या भागातले, काटकसरीसाठी (खरं तर चिकटपणासाठी) प्रसिद्ध आहेत, त्यामुळे पैसे कसे वाचवायचे हे कोणाकडून शिकायचं असेल तर याच आजींकडून.

त्याच आजींनी मला हीटिंग शिकवलं, पण उशिरा. पहिल्या हिवाळ्यात मी रेडिएटरचा नॉब ५ वर ठेवायचे, ५ म्हणजे लवकर गरम होणार असं वाटायचं, आणि फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी वरून तिरकी उघडी, दिवसभर. पुढच्या शरद ऋतूत पत्र आलं, ३८६ युरो अजून भरा. कारण दर महिन्याला आपण देतो तो फक्त ॲडव्हान्स असतो, वर्षाचा हिशोब नंतर होतो, रेडिएटरवर मोजणारी डबी बसवलेली असते आणि हीटिंगच्या बिलातला ५० ते ७० टक्के भाग तुम्ही खरोखर किती वापरलं त्यावर लागतो. नॉबवरचे आकडे स्पीड नाही, तापमान आहे, ३ म्हणजे साधारण २० डिग्री, ५ ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, तापत राहते एवढंच. योग्य पद्धत अशी, नॉब ३ वर, आणि दिवसातून दोनतीनदा नॉब बंद करून खिडकी पूर्ण, सताड उघडायची पाच-दहा मिनिटं, मग बंद. तिरकी खिडकी दिवसभर ठेवली की भिंत गार पडते आणि आपल्या कुकरच्या वाफेने कोपऱ्यात काळी बुरशी धरते, मग मालक ती बुरशी तुमच्या डिपॉझिटमधून पुसतो. भात शिजवला की किचनचं दार लावा आणि लगेच खिडकी, एवढं पाळलं तरी पुष्कळ. मला दुसऱ्या वर्षी उलटे ७० युरो परत आले.

विजेचं असं आहे की तुम्ही कंपनी निवडली नाही तरी दिवे लागतात, आणि आपल्याला वाटतं सगळं झालेलं आहे. तेव्हा तुम्ही मूळ पुरवठ्यात असता, तो सहसा महाग, पण चांगली गोष्ट ही की दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सुटता येतं. घरात शिरल्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा आणि पंधरा दिवसांत तुलनेच्या वेबसाईटवर दुसरा करार करा. फक्त नव्या ग्राहकाच्या बोनसच्या नादाला लागायचं आणि मग दर वर्षी कंपनी बदलायला विसरायचं, असं होणार असेल तर साधा करार बरा.

मोबाईलला आल्या आल्या प्रीपेड घ्या, आल्डी-लिडल या सुपरमार्केटच्या काउंटरवर सुद्धा सिम मिळतं, दोन वर्षांचा मोठा करार पहिल्या वर्षी नको. इथे नियम असा की मोबाईल-इंटरनेटचा पहिला ठरलेला काळ, जास्तीत जास्त २४ महिने, संपला की पुढे एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं, पण त्या पहिल्या काळात सहसा सोडता येत नाही. माझ्या जिमवाल्यांनी मला २४ महिने पिळलं, मी गेले असेन एकूण अकरा वेळा. ऑनलाइन केलेला बहुतेक करार १४ दिवसांत काहीही कारण न देता रद्द करता येतो, आणि जिथे वेबसाईटवर करार होतो तिथे तो संपवायचं बटणही वेबसाईटवर असलंच पाहिजे असा २०२२ पासून नियम आहे. बटण दाबलं की जे कन्फर्मेशन येतं ते जपून ठेवा.

मग एक दिवस रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, १८.३६ युरो महिना, आणि सगळे म्हणतात माझ्याकडे टीव्हीच नाही. चालत नाही. घर आहे म्हणजे फी आहे. पण ती घरामागे आहे, माणसामागे नाही, म्हणून वेगेमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा नंबर टाकून फॉर्म पाठवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा. पत्र फ्रिजवर ठेवलं तर दंड चढतो. आणि हो, टपालपेटीवर आणि बेलवर स्वतःचं नाव चिकटवा, पहिल्या दिवशी, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि बँकेचं कार्ड, इन्शुरन्सचं कार्ड सगळं हवेत.

हेल्थ इन्शुरन्स नोकरीवाल्यांचा पगारातूनच जातो, अर्धा कंपनी भरते. कासे, म्हणजे विमा संस्था, निवडायची मोकळीक तुम्हाला आहे, मूळ दर १४.६ टक्के सगळीकडे सारखाच, वरचा जादा टक्का प्रत्येकीचा वेगळा, तेवढाच बघायचा. दुसरा एकच विमा मी प्रत्येकाला घ्यायला लावते, हाफ्टफ्लिश्ट, वर्षाला ५०-६० युरो. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो. कशाला लागतोय असं वाटेल, पण इथे बऱ्याच ठिकाणी एकच चावी बिल्डिंगच्या मुख्य दाराला आणि तुमच्या दाराला चालते, ती हरवली की अख्ख्या बिल्डिंगची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते. चावी हरवण्याचा समावेश आहे ना, हे घेताना बघा. बाकी एजंट येतील, आपलेच मराठी सुद्धा, गोड बोलून तीस वर्षांचं काहीतरी गळ्यात मारायला, चहा पाजा आणि निरोप द्या.

प्रवास सोपा आहे. डॉइचलांड तिकीट, २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३, त्यात देशभरातल्या लोकल, बस, ट्राम, रिजनल गाड्या सगळं आलं, लांब पल्ल्याच्या आयसीई आणि आयसी गाड्या नाहीत. यामुळेच गोपिंगेनसारख्या गावात राहणं परवडतं, शहरात भाडं भरण्यापेक्षा गाडीत पाऊण तास बसलेलं बरं. कंपनी जॉबटिकेट, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीत मिळणारं हेच तिकीट, देते का विचारा, अजून स्वस्त पडतं. पुढच्या महिन्यात सुट्टीला घरी जाणार असाल तर आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर तिकीट चालू आणि तुम्ही नाशकात. विनातिकीट पकडलं तर ६० युरो, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

आता किचन, ज्याची सगळ्यांना खरी काळजी. एकट्या माणसाचं २०० युरोत महिन्याचं व्यवस्थित होतं, रोज घरी शिजवलं तर. दूध, अंडी, बटाटे, कांदे, ओट्स हे आल्डी, लिडल, पेनी, नेटो कुठेही. कोथिंबीर, मिरच्या, मसूरडाळ, छोले, मोठी तांदळाची पिशवी तुर्की दुकानात, तिथे सुपरमार्केटपेक्षा निम्म्यात. इंडियन दुकानात फक्त जे दुसरीकडे मिळतच नाही तेवढ्यासाठी जा, पोहे, तूरडाळ, हिंग, आणि कढीपत्ता मिळाला की धुऊन पुसून फ्रीझरला. पोळीची कणीक दहा किलोची पिशवी दोघातिघांत घ्या. ती संपली तर जर्मन पिठाच्या पुडीवर नंबर असतो, ४०५ म्हणजे आपला मैदाच, पोळी रबरासारखी होते, १०५० वालं घ्या, त्यात थोडं सबंध गव्हाचं मिसळा, चालून जातं.

तूप भारतातून आणू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे, पेढेसुद्धा त्यातच आले. त्यापेक्षा इथलं बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमचं पाकीट असतं, चार पाकिटं एकदम कढवा, घरभर जो वास सुटतो त्याला तोड नाही. आणि श्रीखंड! क्वार्क म्हणून एक प्रकार मिळतो, अर्ध्या किलोचा डबा, भारतीय दुकानातल्या श्रीखंडाच्या डब्यापुढे फुकट म्हणावं असा. तो जुन्या पातळ सुती ओढणीत बांधून सिंकच्या नळाला रात्रभर टांगायचा, सकाळी पाणी निघून चक्का तयार, त्यात साखर, वेलची, जायफळ. चरबी नसलेला क्वार्क घेऊ नका, चव खडूसारखी येते, ४० टक्केवाला घ्या. गुढीपाडव्याला माझ्या जर्मन कलिग्जनी डबा चाटून पुसून दिला.

नळाचं पाणी प्या, ते चांगलं आहे, बाटल्या विकत घेऊन तिसऱ्या मजल्यावर वाहू नका. घेतलीच तर बाटलीवर फांड असतं, म्हणजे बाटली परत केली की मिळणारं डिपॉझिट, डिस्पोजेबल प्लास्टिकला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८, दुकानातल्या मशीनमध्ये टाकून पावती घ्यायची. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी मांस, दूध, ब्रेडवर ३० टक्क्यांचे स्टिकर लागतात, तेव्हा जा. बाहेर जेवणं मात्र महाग, त्यापेक्षा चौघांना घरी बोलवा.

सामान नवीन घेऊ नका. क्लाइनआन्त्साइगन या वेबसाईटवर जुनं सगळं मिळतं आणि "त्सू फेरशेंकन" असं शोधलं तर फुकटसुद्धा, फक्त तिसऱ्या मजल्यावरून आपण उचलायचं. माझं टेबल असंच आलं, एका आजोबांनी पैसे घेतले नाहीत, स्क्रूची पुडी नावं लिहून वेगळी दिली.

आणि टॅक्स रिटर्न भरा. पगारातून टॅक्स कापताना धरतात की वर्षभर तुम्ही हाच पगार घेणार, पण तुम्ही सप्टेंबरला आलात तर चारच महिने कमावलेत, जास्तीचा कापलेला परत मिळतो. एल्स्टर ही सरकारी साईट फुकट आहे, त्या वर्षीचं भारतातलं उत्पन्नही लिहायचं असतं, ते लपवू नका. विमानाचं तिकीट, अर्जांचा खर्च, पावत्या ठेवा. भरणं सक्तीचं नसेल तर मागच्या चार वर्षांपर्यंतचं भरता येतं. मला पहिल्या वर्षाचे साडेसहाशे आले, त्यातून मुंबईचं तिकीट निघालं.

माझा आत्ताचा महिना सांगते. भाडं ६२०, वीज ३८, इंटरनेट ३०, मोबाईल ९, रेडिओ फी १८.३६, तिकीट ६३, जेवण २१०, विमा ५, आणि कपडे-सिनेमा-औषध-वाढदिवस धरून १५०, वर्षातून एकदा घरी जायला म्हणून ८० बाजूला. सगळे मिळून १,२२३ च्या आसपास. विद्यार्थ्यांना ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच अडकवून ठेवलेल्या स्वतःच्या पैशांतून, महिन्याला ९९२ मिळतात, त्यात खोली आणि स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स दोन्ही बसवायचं असतं, म्हणजे म्युनिकमध्ये जवळजवळ अशक्य, छोट्या गावात हॉस्टेल मिळालं तर जमतं. येताना मात्र पहिला पगार हातात येईपर्यंतचे, डिपॉझिट धरून, अडीच हजार तरी वेगळे आणा, पगार महिनाअखेरीला होतो आणि बँक अकाउंट उघडण्यात दोन आठवडे जातात.

आतेभावाला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो, बरं मग डाळ नको, कुकर आणू का? आण. तीन लिटरचा, सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालेल असा, इथल्या शेगड्या काचेच्या असतात. आणि त्याच्या दोन रबरी रिंगा जास्तीच्या आण, माझी कालच तुटली.